हात उचलण्याआधी : बांधावर, बाजाराच्या वाटेवर आणि वस्तीवर सावध कसे राहाल?



कपाशीवर दोन अळ्या दिसल्या म्हणून जाणता शेतकरी लगेच पंप पाठीला लावत नाही. आधी रान फिरून पाहतो, पाने उलटून पाहतो, कीड किती आहे याचा अंदाज घेतो. सापळे लावून, निंबोळी अर्क मारून भागत असेल तर तेवढ्यावर भागवतो. जहाल औषध तो अगदी शेवटी काढतो. माणसा-माणसांतल्या भांडणाला नेमका हाच नियम लागू आहे. आधी नजर, मग बोलणे, मग वाट सोडून बाजूला होणे, आणि काहीच उरले नाही तर जीव वाचवण्यापुरता हात.

खते-बियाणे सोडून हा विषय कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, तीस वर्षे शिवारे फिरताना चांगली पिकती घरे एका संध्याकाळीत बसलेली पाहिली आहेत. एक भाऊ सरणावर, दुसरा तुरुंगात आणि दोघांची बायका-पोरे उघड्यावर. भांडणाचे मूळ काय? तर हातभर बांध. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतले ९,९६२ वाद-तंट्यांतून झाले. चोरी-दरोडा किंवा जुने वैर यांच्यापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. म्हणजे आपल्याला खरा धोका अंधारातल्या अनोळखी माणसापेक्षा रोज रामराम घालणाऱ्या माणसाशी जुंपलेल्या भांडणातून अधिक आहे.

नजर हे पहिले हत्यार

ढगाकडे बघून पाऊस सांगणारा शेतकरी माणसाकडे बघून वादळ का ओळखणार नाही? भांडण पेटण्याआधी माणूस खुणा देतो. आवाज एकदम चढतो, किंवा बोलता माणूस अचानक गप्प होतो. मुठी आवळतो, दात खातो, टोपी-उपरणे काढून ठेवतो, बाह्या मागे सारतो. डोळे तुमच्या चेहऱ्यावरून निघून इकडे-तिकडे फिरू लागतात, म्हणजे तो साथीदार, वाट किंवा हत्यार शोधतो आहे. अशा वेळी त्याच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा. तोंडाच्या शिव्यांनी कोणी मरत नाही. इजा होते ती हातांनी.

कोठेही गेलात तरी तीन गोष्टी मनाशी पाहून ठेवण्याची सवय लावा. इथून बाहेर पडायची वाट कोणती? हाक मारली तर ऐकणारे कोण आहे? आणि आज नेहमीपेक्षा वेगळे काय आहे? रोज भुंकणारे कुत्रे आज गप्प का, विहिरीवर अनोळखी मोटारसायकल कशाला उभी आहे, एरवी बंद असणारे फाटक उघडे का? असे प्रश्न मनात आले की पाऊल आखडते घ्या. यात भित्रेपणा काही नाही. कानात यंत्र घालून गाणी ऐकत रानात जाणाऱ्या तरुण पोरांना मात्र हे मुद्दाम सांगा. शिवारात कान मोकळेच हवेत.

बांधावरची गोष्ट

चैत्र-वैशाखात नांगरट सुरू झाली की बांधाची भांडणे निघतात. ट्रॅक्टरचा फाळ शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, वहिवाटीच्या वाटेवर काटे पडले. आणि शेतावर प्रत्येकाच्या हाताशी काहीतरी असतेच. विळा, कोयता, कुऱ्हाड, टिकाव, नाहीतर खोऱ्याचा दांडा. गावच्या पारावरचे भांडण शर्ट फाटून मिटते, तेच भांडण रानात झाले तर आतडी बाहेर येतात. फरक फक्त हातातल्या अवजाराचा.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून काही नेम पाळावेत. बांधाबद्दल बोलायला एकट्याने जाऊ नये, आणि दहा जणांना घेऊनही जाऊ नये. दोन्ही घरांना मानणारा एक वडीलधारा सोबत घ्यावा. संध्याकाळी जाऊ नये, सकाळी जावे. दिवसभराचा शीण आणि पोटातली दारू दोन्ही घात करतात. समोरचा प्यालेला असेल तर त्या दिवशी विषयच काढू नये. बोलायला उभे राहण्याआधी आपल्या हातातला विळा-कोयता लांब ठेवून यावा. समोरच्याच्या हातात अवजार असेल तर "आधी तेवढं खाली ठेवा दादा, मग निवांत बोलू" असे म्हणावे. नाही ठेवले, तर बोलणे तिथेच थांबवून परत फिरावे.

बोलताना जुनी उणीदुणी काढू नका. बापाचा, बायकोचा, जातीचा उल्लेख तोंडून निघाला की बांध बाजूला राहतो आणि अब्रूचा प्रश्न होतो. "तुमचं म्हणणं मला कळलं, मोजणी मागवू, जे निघेल ते दोघांनाही मान्य" एवढ्या एका वाक्याने कितीतरी कोयते खाली आलेले आहेत. आणि माघार घेताना समोरच्याची मान राहील असे बघा. चार माणसांत ज्याची शोभा झाली, तो रात्री परत येतो.

बांधाचा न्याय कुऱ्हाडीने होत नाही, त्याला सरकारी वाटा आहेत. हद्द ठरवायची तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. दोन शेतकऱ्यांच्या जमिनी बारा वर्षे एकमेकांच्या ताब्यात असतील, तर त्यांची अदलाबदल नाममात्र खर्चात व्हावी म्हणून शासनाने २०२३ साली सलोखा योजना आणली. त्याची चौकशी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, करा. २००७ सालच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती तुमच्या गावात अजून जागी असेल, तर तिच्यासमोर बसा. शेजाऱ्याची जनावरे पिकात शिरली तर त्यांच्या पाठीत दगड घालू नका. पंचनामा करून घ्या, गावात कोंडवाडा असेल तर तिथे नेऊन घाला.

बाजाराची वाट

कांदा, हरभरा, शेळी किंवा खोंड विकून पैसा हातात आला की तो माणूस दहा डोळ्यांना दिसतो. बाजार समितीत पैसे शक्य तो थेट बँक खात्यावरच घ्या. रोख घ्यावेच लागले तर उघड्यावर मोजत बसू नका. आडतीवर बसून मोजा आणि दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा. भाड्या-खर्चापुरते वरच्या खिशात, बाकीचे आत. किती आले, कुणाकडून आले, हे चहाच्या टपरीवर किंवा गाडीत बोलू नका. परत येताना वाटेत 'बसायला' थांबू नका. पैशाच्या दिवशी गावच्याच गाडीने, उजेडात घरी या.

चोरांच्या काही युक्त्या वर्षानुवर्षे त्याच आहेत. तुमच्या सदऱ्यावर कोणीतरी घाण टाकतो आणि दुसरा काळजीने सांगतो, "काका, पाठीवर काय पडलंय बघा." तुम्ही पिशवी खाली ठेवून धुवायला वळता, तेवढ्यात पिशवी जाते. दुसरा नोटा टाकून "तुमचे पैसे पडले" म्हणतो. असे झाले की आधी पिशवी काखेत घट्ट धरायची, मग मागे बघायचे. घाण घरी जाऊन धुता येते.

तिसरी युक्ती तोतया पोलिसांची. "पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा" असे सांगणारा माणूस चोर आहे हे पक्के समजा. पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढून बांधायला सांगत नाहीत. "ठाण्यात चला, तिथे काढते" एवढे म्हणा. दारावर येऊन दागिने चकाकवून देणाऱ्यांचेही तेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे, कारण त्यांचा स्वभाव भाबडा आणि अंगावर जुने सोने.

रात्री मोटारसायकलवरून येताना वाटेत कोणी हात केला, आडवे लाकूड किंवा दगड दिसले, तर लांबूनच गाडी हळू करा. उजेड दिसेपर्यंत, नाहीतर वस्ती येईपर्यंत थांबू नका; पुढे जाता येत नसेल तर मागे वळा. खरोखर अपघात झालेला असेल तर पुढच्या गावातून १०८ ला फोन करा. मदतही होते आणि आपणही सांभाळले जातो.

वस्तीवरची रात्र

गावठाणापासून लांब मळ्यात राहणाऱ्यांची काळजी वेगळी. रात्रीच्या लाईटच्या पाळीला मोटार चालू करायला जाताना एकट्याने जाऊ नये. जावेच लागले तर घरी सांगून जा, आणि इतक्या वाजेपर्यंत परतलो नाही तर हाक मार, असेही सांगा. बॅटरी अंगासमोर न धरता हात बाजूला लांब करून धरा. उजेडावर कोणी दगड-काठी मारली तर ती अंगावर येत नाही. केबल किंवा मोटार चोरणारे दिसले तर त्यांच्यावर धावून जाऊ नका. लांबून आरडाओरडा करा, शेजारच्या वस्तीला फोन करा. मोटार पुन्हा घेता येते.

दाराला आतून अडसर आणि बाहेर पाहायला झडप हवी. अवेळी कोणी दार वाजवले तर दार न उघडता नाव-गाव विचारा. दरोडेखोर पुष्कळदा आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणून जवळपासच्या वस्त्यांनी एकमेकांचे फोन क्रमांक भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावेत आणि धोक्याची एक खूण ठरवावी, मग ते थाळी वाजवणे असो की शिट्टी. ११२ हा क्रमांक लहान पोरालाही पाठ हवा. तुमच्या भागात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्यात नाव नोंदवा. एका फोनवर सारे गाव जागे होते. आणि हत्यारबंद टोळी घरात शिरलीच, तर दागिने देऊन टाका. मंगळसूत्रापेक्षा मंगळसूत्र घालणारी मोलाची आहे.

चोरांसाठी किंवा डुकरांसाठी कुंपणात घरची वीज सोडणाऱ्यांना इथेच बजावतो. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला पहिल्यांदा पुष्कळदा घरचाच माणूस चिकटतो. कुंपणाला झटका यंत्रच हवे. त्याचा झटका क्षणाचा असतो, त्याने जनावर पळते, मरत नाही.

अंगावर आलेच तर

एवढे करूनही कधी वेळ येते. तेव्हा पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट अंतर. समोरचा मोकळ्या हातांनी असेल तर दोन हातांचे, काठी-कोयता असेल तर त्याच्याहून दुप्पट अंतर राखा. सरळ छाती काढून उभे न राहता जरा तिरके उभे राहा. एक पाय मागे, गुडघे किंचित सैल, दोन्ही पंजे उघडे आणि छातीपुढे. बघणाऱ्याला वाटते तुम्ही समजूत घालता आहात, आणि तोंडावर हात आला तर तुमचे हात आधीच तिथे असतात. पाठीमागे विहीर, चारी किंवा काट्याची कुपाटी नाही ना, हे बघून मागे सरका.

दुसरी गोष्ट आवाज. पोटातून, मोठ्याने, थोडक्यात. "मागे हो!" आणि कोणाचे तरी नाव घेऊन हाक. नुसते "वाचवा" म्हटल्यापेक्षा नाव घेतलेला माणूस लवकर धावतो.

तिसरी गोष्ट सुटका. मनगट धरले तर सरळ मागे ओढू नका, जोरात तोच जिंकेल. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे भेटतात, ती पकडीची कच्ची बाजू. अंगठ्याच्या दिशेने मनगट वळवा, कोपर आपल्या अंगाशी आणा आणि झटक्यात हात काढा. केस धरले तर त्याचाच हात दोन्ही हातांनी आपल्या डोक्याशी दाबून धरा, म्हणजे ओढ बसत नाही, आणि नडगीवर लाथ मारा. मागून मिठी घातली तर टाचेने त्याच्या पावलावर जोरात आपटा. सुटलात की उजेडाकडे, माणसांकडे पळा. उभे राहून हिशेब चुकता करायला थांबू नका.

हत्यारापुढे मोकळ्या हातांची मर्दुमकी चालत नाही. पळता येत असेल तर पळा. नसेल तर मध्ये काहीतरी घाला. सायकल, बाज, पाटी, जे हाताला लागेल ते. घोंगडी किंवा उपरणे डाव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळा. खाली पडलात तर हनुवटी छातीला लावा, हातांनी डोके झाका आणि पाय त्याच्याकडे करा. मिरचीपूड जवळ बाळगणाऱ्या भगिनींनी वाऱ्याचा रोख विसरू नये. वाऱ्याकडे तोंड करून आपण फवारणी करत नाही, तसेच हे.

मनगट सोडवण्याचा प्रकार घरी मुलींकडून दहा-वीस वेळा करून घ्या. भाऊ-बहिणींनी हसत-खेळत केला तरी चालेल. हाताला सवय असली की घाबरलेल्या वेळी डोके बंद पडले तरी हात आपले काम करतो. शाळेतून किंवा रानातून येताना कोणी वाट अडवत असेल, माग काढत असेल, तर पोरीने ते घरी निर्धास्त सांगावे असे घर ठेवा. जी पोर बोलणी बसतील म्हणून गप्प राहते, तिला कोणतीच युक्ती वाचवू शकत नाही.

कायदा काय म्हणतो

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण त्याला बांध आहेत. बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. पोलीस किंवा अधिकारी यांचे संरक्षण घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. आणि धोका संपला की हक्कही संपला. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली कुऱ्हाड, किंवा घरी जाऊन माणसे जमवून परत येणे, याला कायदा बचाव म्हणत नाही, सूड म्हणतो. कोयता हिसकावून घेतला इथपर्यंत तुम्ही फिर्यादी असता. तोच कोयता खाली पडलेल्या माणसावर चालवलात की आरोपी होता.

अफवा : सगळ्यांत वाईट हत्यार

सावधगिरीचा अतिरेक झाला तर काय होते तेही सांगायला हवे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, एवढ्या अफवेवर त्यांचा जीव गेला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अफवेपायीच मारले गेले. या प्रकरणांत किती घरांतली माणसे तुरुंगात गेली याचा विचार करा. बेकायदा जमावात सामील असलेला प्रत्येक माणूस गुन्ह्याचा वाटेकरी ठरू शकतो, मग त्याने हात उचललेला असो वा नसो.

अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारा, चहा द्या, पोलीस पाटलाला बोलवा, ११२ ला कळवा. मोबाईलवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी ठाण्यात विचारून घ्या. फासेपारधी, गोसावी, नंदीवाले, बहुरूपी ही पाला-पालांनी फिरणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच लेकुरवाळी आहेत.

घडून गेल्यावर

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घडी करून घट्ट दाबून धरा, भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, राख, चुना भरू नका. रुतलेला विळा किंवा काच ओढून काढू नका. १०८ बोलवा, सरकारी दवाखान्यात दाखवा आणि मार कसा बसला ते डॉक्टरांना खरे सांगा. तोच कागद पुढे उपयोगी पडतो. फिर्याद त्याच दिवशी द्या. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची अडचण न धरता दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत फुकट मिळते. फिर्यादीत घडले तेवढेच लिहा. शेजाऱ्याच्या घरातल्या सगळ्यांची नावे घातली की खरी फिर्यादही खोटी वाटू लागते, आणि तिकडूनही तशीच उलट फिर्याद येते. मग दोन्ही घरे तारखांना जातात आणि दोन्ही राने पडीक राहतात.

या आठवड्यात एवढे करा. शेजारच्या चार वस्त्यांचे क्रमांक भिंतीवर लिहा. मुलींचा मनगट सोडवण्याचा सराव घ्या. आणि ज्या शेजाऱ्याशी बांधावरून बोलणे बंद आहे, त्याच्याकडे सकाळच्या वेळी, मोकळ्या हातांनी, एखाद्या वडीलधाऱ्याला घेऊन जा. मोजणीचा खर्च निम्मा-निम्मा करू, असे म्हणा. पेरणी तोंडावर आली आहे. डोक्यात भांडण घेऊन पाभर धरली तर ओळ सरळ येत नाही.